बरणीतलं पाणी आलं कुठनं? (कैरी, माठ, तंबाखू-चुना आणि पेशीचा पडदा)

शहापूरची_वैनी (धागाकर्ती)

परवा कैरी चिरली, मीठ-हळद लावून बरणीत भरली. पाण्याचा थेंब घातला नाही. फोडीसुद्धा पंख्याखाली सुकवून घेतल्या होत्या. सकाळी दादरा सोडून बघते तर निम्म्या फोडी बुडतील एवढा खार सुटलेला. हे दरवर्षीचंच, त्यात धागा काढण्यासारखं काय, असं म्हणाल. पण आमची मोठी यंदा फर्स्ट पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्सला गेलीय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता एकदम सगळं इंग्लिश. बरणीकडं बघून म्हणाली, "आई, हे ऑस्मोसिस." म्हटलं, म्हणजे काय गं? तर घोकलेली व्याख्या धडाधडा म्हणून दाखवली. म्हटलं, आता मराठीत सांग. तिथं गाडी अडली.

तेवढ्यात शेजारच्यांचा मुलगा कंपाउंडवरनं ओरडला, "अभिसरण, अभिसरण!" तो कन्नड माध्यमाचा. आमची म्हणते, अभिसरण म्हणजे रक्त फिरतं ते, तुला काय कळतंय? दोघांची अर्धा तास जुंपली. मी आपली हातात पळी घेऊन उभी.

तर जाणकारांनी सांगा. मीठ पाणी ओढतं म्हणजे नेमकं काय करतं? पाणी बाहेर आलं तसं मीठ आत का गेलं नाही? की गेलं? आणि कैरीच्या फोडीत पडदा असतो तर त्याला भोकं असतात काय?

तांबडी_माती

वैनी, मी काय शिकल्याला माणूस न्हवं, पण हे माझ्या रानात झालंय म्हणून सांगतो. आमचं रान खानापूरच्या अलीकडं. कोबीची रोपं लावलो, आठ दिवसांनी वाटलं जरा जोर येऊ दे, म्हणून बुडाशी मूठमूठ युरिया टाकलो. पाणी बेताचंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघलो तर पानं माना टाकल्याली, तिसऱ्या दिवशी कडा करपल्या. पाणी नाही म्हणून सुकलं म्हणावं तर बोट घातलं की माती ओली लागायची. शेजारचे तात्या म्हणाले, "खतानं रोपाचं पाणी पिलं." हे तुमच्या बरणीसारखंच झालं न्हवं?

पुणेरी_पाटी

केलो, टाकलो नव्हे हो. केलं, टाकलं.

तांबडी_माती

आमच्यात केलो म्हणत्यात. रोपं मेली ती मेलीच.

निवृत्त_मास्तरीण

वैनी, आधी मुलांचं भांडण मिटवते. दोघंही बरोबर आहेत. मराठी पुस्तकात ज्याला परासरण म्हणतात त्यालाच कन्नडमध्ये अभिसरण म्हणतात. आणि आपण रक्ताभिसरण म्हणतो तिथं कन्नडमध्ये परिचलने असा शब्द आहे. विसरण (कण आपोआप पसरतात ते, डिफ्यूजन) मात्र दोन्हीकडं विसरणच. मी तीस वर्षं बेळगावात जीवशास्त्र शिकवलं. एकाच वर्गात दोन्ही माध्यमांतून आलेली मुलं असली की हा घोळ दरवर्षी व्हायचा. पडद्याला कन्नडमध्ये 'पोरे' म्हणतात. सापाच्या कातीलाही तोच शब्द. मला तो आपल्या 'प्रद्रव्यपटला'पेक्षा जास्त आवडतो. प्रद्रव्यपटल म्हणता म्हणता पोरांचा श्वास संपतो.

आता मुद्द्याचं. मीठ ओढत वगैरे काही नाही. पाण्याचे कण पडद्यातून दोन्ही दिशांना अखंड ये-जा करत असतात, मीठ असो वा नसो. फोडीच्या कापलेल्या अंगाला जो थोडा ओलावा होता त्यात मीठ विरघळलं आणि बाहेर कडक खार तयार झाला. त्या खारातले पाण्याचे बरेच कण मिठाच्या कणांभोवती गुंतून राहतात, परत आत शिरायला सुटे कण कमी पडतात. आतून बाहेर येणारं पाणी पूर्वीसारखं चालू, बाहेरून आत जाणारं कमी. रात्रभर हा हिशेब तुटीत चालला की सकाळी बरणीत खार दिसतो. आत पेशीचा पडदा आक्रसतो आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटतो, त्याला रससंकोच म्हणतात. म्हणून काल कडक असलेली फोड आज लवते. तांबडी_माती यांच्या कोबीचंही तेच झालं. मुळाबाहेरचं पाणी इतकं खतावलं की मुळांतलंच पाणी बाहेर निघालं. तात्यांचं वाक्य शास्त्राच्या पेपरात लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

मीठ आत जातं का? पहिल्या रात्री जवळजवळ नाही. पुढं त्या कडक खारात पेशी मरतात, मेलेल्या पेशीचा पडदा कुणालाच अडवू शकत नाही, आणि मग मीठ आत शिरतं. म्हणून पहिल्या दिवशीची फोड वरनं खारट आणि आत आंबट लागते, पंधरा दिवसांनी आरपार खारट होते.

आणि भोकं. हा प्रश्न खरा महत्त्वाचा, कारण पडदा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं चाळण येते, बारीक ते पडतं आणि जाड ते राहतं. पेशीचा पडदा असा नाही. तो चरबीसारख्या पदार्थाच्या दोन थरांचा बनलाय. प्रत्येक कणाला पाणी आवडणारं डोकं आणि पाण्याला तोंड फिरवणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेर, शेपट्या आत, असे दोन थर समोरासमोर. सगळी जाडी मिळून सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीत असे बारा-तेरा हजार पडदे बसतील. मांड्याचे पदर याच्यापुढं गोधडी. या तेलकट थरातून प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड असे तेलाशी जमवून घेणारे बिनबोभाट जातात. मीठ पाण्यात पडलं की त्याचे विद्युतभारित कण होतात, भोवती पाण्याचा गराडा असतो, त्यांना तेलात पाऊल टाकता येत नाही. साखर मोठी आणि पाण्याची लाडकी, तीही अडते. अशांसाठी पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, आणि दार ज्याचं त्याचं वेगळं.

पाणी स्वतः तेलातून थोडं झिरपतं, पण मूत्रपिंडासारख्या ठिकाणी तेवढ्यानं भागत नाही. तिथं पाण्याची खास दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन. पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये ती दाखवून दिली, आणि तीही शोधत होते रक्तगटाचं काहीतरी, हाती लागलं हे. २००३ चं नोबेल मिळालं. एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे कण जातात, पण मीठ एकही नाही.

चव्हाट_गल्ली

म्हणजे सीमेवरचा कोगनोळी नाकाच म्हणा की. दुचाकीवाला शेतातनं जातो, ट्रकवाल्याला कागद दाखवायला लागतात. :)

निवृत्त_मास्तरीण

मला वाटलंच होतं कुणीतरी हे आणणार. नाक्यावर साहेब बसलेला असतो, त्याचा मूड असतो. इथं कुणी बसलेलं नाही. दाराचा आकारच असा की बसणारा बसतो, न बसणारा बसत नाही. आणि सीमाप्रश्न दुसऱ्या धाग्यावर घ्या, तिथं चारशे प्रतिसाद झालेत आधीच.

माठवाला_जावई

एक शंका. सासरवाडी खानापूरची, तिथनं दरवर्षी माठ आणतो. माठातनं पाणी पाझरतं तेही परासरणच ना? आमच्या मुलाला शाळेत तसंच सांगितलंय.

निवृत्त_मास्तरीण

नाही. आणि पुरावा तुमच्या माठावरच आहे. महिना-दोन महिने वापरलेल्या माठाच्या बाहेरच्या अंगाला बोट फिरवा. पांढरी, खरखरीत पूड लागेल. ते पाण्यातले क्षार. पाणी बाहेर आलं, त्याच्याबरोबर विरघळलेले क्षारही आले, पाणी उडून गेलं आणि ते राहिले. माठ निवड करत नाही. त्याची भोकं पाण्याच्या आणि क्षारांच्याही कणांपेक्षा कितीतरी मोठी, जे विरघळलंय ते सगळं सोडतो. परासरणाला निवडणारा पडदा लागतो. माठ ही खरी चाळण.

माठवाला_जावई

आत्ताच बोट फिरवून आलो. आहे पूड. बायको म्हणते, माठ धुवायचा सोडून काय चाललंय.

निपाणीचा_वखारवाला

बाई, तुमचं "बारीक जातं आणि जाड अडतं असं नाही" हे वाक्य वाचून डोक्यात एक गोष्ट आली. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूचा धंदा. मी स्वतः खात नाही, सुपारीसुद्धा नाही. पण लहानपणापासून बघतोय, वखारीतला प्रत्येक माणूस तळहातावर तंबाखू घेतला की नखानं चुना लावून चोळणारच. एकदा हमालांपैकी एकाची चुन्याची डबी हरवली, तर दिवसभर "आज लागतच नाही" म्हणून कुरकुरत होता. तंबाखू तोच, माणूस तोच. मग चुना काय करतो? चवीला म्हणावं तर चुन्यानं तोंड भाजतं.

दुसरं म्हणजे, पावसात किंवा दव असताना ओली पानं खुडली की बायकांना मळमळतं, चक्कर येते, घरी जाऊन ओकतात. त्यांनी तर तंबाखू तोंडातही घातलेला नसतो. आमची आजी म्हणायची, पान चढलं.

बिनचष्म्याचा_डॉक्टर

वखारवाले, कमाल प्रश्न विचारलात. मी चिकोडी भागात प्रॅक्टिस करतो, ओल्या पानाची मळमळ दर हंगामात बघतो.

निकोटिन दोन रूपांत असतं. आंबट किंवा साध्या पाण्यात त्याचा बराचसा भाग हायड्रोजनचा एक कण चिकटवून विद्युतभारित होऊन बसतो. भार आला की बाईंनी सांगितलं तसं, तेलकट पडद्याशी जमत नाही. चुना तोंडातली लाळ अल्कधर्मी करतो. साधारण ८ पीएचला (आंबट की अल्कधर्मी याचं माप) निम्मं निकोटिन भारमुक्त होतं, त्याच्यावर गेलं की त्याहून जास्त. हे भारमुक्त निकोटिन तेलात सहज मिसळतं, गालाच्या आतल्या कातडीतल्या पेशींच्या पडद्यांतून सरळ पलीकडं जातं, रक्तात पोचतं. दार नको, कुणी वाहून न्यायला नको. म्हणून चुना लावला की लगेच 'लागतं'. कुणी प्रयोगशाळेत न जाता हे शोधलं, आणि वाईट कामासाठी शोधलं.

आता आकार बघा. मिठातला सोडियमचा कण निकोटिनच्या रेणूपुढं चिमुरडा, वजनात सात पट हलका. तरी सोडियम अडतो आणि निकोटिन जातं.

ओल्या पानाचंही हेच. पानावरच्या पाण्यात निकोटिन उतरतं, ओला पदर, ओली बाही तासन् तास अंगाला चिकटून राहते आणि कातडीतून ते आत जातं. लांब बाह्यांवर वरनं प्लॅस्टिक, हातमोजे, आणि ओले कपडे लगेच बदलणं, एवढं जरी केलं तरी फरक पडतो. दव वाळल्यावर खुडा. आणि चुन्यानं गालाची आतली कातडी सोलली जाते ते वेगळंच. त्याच जागी पुढं पांढरा चट्टा आणि कॅन्सर मी बघितलेत. बाकी भाषण देत नाही.

निपाणीचा_वखारवाला

हातमोज्यांचं उद्याच बघतो. बायका घालतील का ते माहीत नाही, उकडतं म्हणतात.

घटप्रभेचं_पाणी

डॉक्टर, मग जुलाबात पाजतात त्या ओआरएसचं काय? त्यात मीठही आहे आणि साखरही. बाई म्हणतात दोन्ही पडद्यात अडतात. मग पोटातनं जातं कसं? विचारायचं कारण, माझा धाकटा चार वर्षांचा असताना जुलाबानं पार लोळागोळा झाला होता. सासूबाई म्हणाल्या, पाणी देऊ नका, दिलं की जास्त होतंय. रात्रभर दिलं नाही. सकाळी एका दवाखान्यात नेलं, तिथं सलाइन लावलं, बिल लावलं, पण ओआरएसचं नाव कुणी काढलं नाही. ते मला पुढं अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं.

बिनचष्म्याचा_डॉक्टर

ताई, सासूबाईंचा दोष नाही, त्यांना डोळ्यांनी तसंच दिसलं होतं. नुसतं पाणी पाजलं की खरंच फारसं आत राहत नाही. चूक एवढीच की दिलंच नाही.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक असं दार आहे की जे एकट्याला उघडत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक, असे जोडीनं आले तरच दोघांना मिळून आत घेतं. मागोमाग पाणी परासरणानं येतं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या सभेत मांडली. त्याच्या एकच वर्ष आधी कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं होतं की कॉलराचे जंतू एक विष सोडतात आणि सगळा उत्पात त्या विषाचा असतो. आता जुळवून बघा. ते विष आतड्याच्या पेशीतली क्लोराइडची दारं सताड उघडी टाकतं, क्लोराइडमागं सोडियम आणि पाणी आतड्यात वाहून जातं. पण सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचं दार त्या विषानं बिघडत नाही. घराची मागची भिंत कोसळलीय, पण पुढचं दार नीट चालतंय, असली तऱ्हा. त्या चालू दारातून आत भरत राहायचं.

१९७१ मध्ये बांगलादेशातनं निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यावर.

वापरताना एक लक्षात ठेवा. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरच पाणी, अंदाजानं अर्ध्या तांब्यात अर्धं पाकीट नको. आणि चवीला म्हणून वर साखर घालू नका. साखर जास्त झाली की आतड्यात वैनींची बरणी होते, पाणी उलट बाहेर ओढल्यासारखं येतं आणि जुलाब वाढतात. याच कारणानं २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनं सूत्र बदलून फिकं केलं, त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं माप, ३११ वरनं २४५ वर आणली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल गुंगीत असेल, लघवी होत नसेल, तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

करदंट_प्रेमी

गोकाककडचा माणूस, म्हणून विचारतो. साखरेऐवजी गूळ?

बिनचष्म्याचा_डॉक्टर

गुळात साखरच जास्त असते, ती आतड्यात फुटून तिचं ग्लुकोज होतं. तत्त्वाला अडचण नाही. पण खडा केवढा, ओला की कोरडा, याचं माप राहत नाही. त्यापेक्षा तांदळाची पेज मीठ घालून द्या. पिठूळ पदार्थाचं ग्लुकोज हळूहळू सुटतं, एकदम साखरेचा मारा होत नाही. खानापूरच्या वरच्या अंगाला आजारी माणसाला पेज देतात, ते अगदी बरोबर.

चव्हाट_गल्ली

डॉक्टर, सोडियम आत आत घेत गेलं तर पेशीत मीठ साठून ती फुगणार नाही का?

निवृत्त_मास्तरीण

मी सांगते. साठतं म्हणूनच उपसायला पंप आहे. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि प्रत्येक खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. इथं मात्र उतारावरनं चढावर न्यायचं असतं, फुकट होत नाही. तुम्ही काही न करता आडवे पडलेले असता तेव्हाही अंगातली सुमारे पाचव्या हिश्श्याची शक्ती या उपशातच जाते. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला, कशात, तर खेकड्याच्या पायांतल्या नसांत. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. हा पंप बंद पडला तर ओआरएसचं जोडीचं दारही थांबेल, कारण आत सोडियम कमी आहे म्हणून तर ते आत यायला उत्सुक असतं.

शहापूरची_वैनी

सगळ्यांचे आभार. मुलीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, तर बाईसाहेबांनी प्रयोगच मांडला. अंडं दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं, कवच पार विरघळलं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं डुबुक डुबुक. मग साध्या पाण्यात ठेवलं, अजून फुगलं. मग गुऱ्हाळावरची काकवी होती ती ग्लासात ओतून त्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी अंडं सुरकुतून रिकाम्या बटव्यासारखं, आणि गंमत म्हणजे काळ्या काकवीवर बोटभर जाडीचा फिका, पातळ पाण्याचा थर. अंड्यातलंच पाणी ते. शेजारचा मुलगाही आला होता बघायला. दोघांनी वहीत दोन्ही शब्द लिहिलेत, परासरण आणि अभिसरण.

निवृत्त_मास्तरीण

छान. फक्त तिला सांगा, कवचाखालची ती पातळ कातडी म्हणजे पेशीचा पडदा नव्हे, प्रथिनांच्या धाग्यांची विणलेली ती वेगळी. पाणी सोडून मोठे कण अडवते म्हणून प्रयोग जमतो. परीक्षेत कुणी खोचक प्रश्न विचारला तर गोंधळायला नको.

शहापूरची_वैनी

सांगते. आता एकच राहिलं. बाई म्हणाल्या पंधरा दिवसांनी फोडीत मीठ आरपार जातं कारण पेशी मेलेल्या असतात. मुलगी आता म्हणते, मी मेलेल्या पेशी खाणार नाही.

तांबडी_माती

मग भात काय जिवंत असतोय काय? तिच्या वाटणीची फोड इकडं धाडा वैनी. माझ्या कोबीच्या दोन ओळी वाचल्या, पाणी भरपूर सोडलो म्हणून. गड्डा धरला की एक आणून देतो.